स्टारड्यू व्हॅली: निवांत गेम म्हणे, मग त्यात घड्याळ कशाला?

शेवग्याची_शेंग

मंडळी, नणंदेने फार गळ घातली म्हणून फोनवर स्टारड्यू व्हॅली घेतली. "अगं एकदम निवांत आहे, शेती करायची, कोंबड्या पाळायच्या, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या, डोकं शांत होतं." बरं म्हटलं.

डोकं शांत कुठलं, मला ऑफिसपेक्षा जास्त धावपळ होतेय. सकाळी ६ ला उठायचं, रात्री २ ला जिथे असाल तिथे धाडकन पडायचं, वर पडल्याबद्दल खिशातले पैसे जातात. गेममधली १० मिनिटं म्हणजे आपले ७ सेकंद, म्हणजे अख्खा दिवस १४ मिनिटांत खलास. झाडांना पाणी घालून होईस्तोवर ९ वाजतात, गावात पोचावं तर तो पियर बुधवारी दुकान बंद ठेवतो, कुणाला भेटवस्तू द्यायची तर ती बाई नेमकी दुसरीकडे गेलेली, आणि सीझन २८ दिवसांचा, तो संपला की शेतात उभं असलेलं पीक एका रात्रीत वाळून जातं.

हे कुठे बोललं की ठरलेलं उत्तर येतं, "डिझायनरला तसंच अपेक्षित आहे". असेल हो. पण त्याला अपेक्षित आहे म्हणून मला आवडलंच पाहिजे का? आणि नाही आवडलं तर "तुम्हाला गेम कळला नाही" हे कुठलं उत्तर? तुमचं काय मत?

कट्टावीर

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय, येऊद्या.

निफाडकर

ताई, आम्ही खरी शेती करतो, आमचाही दिवस १४ मिनिटांचाच असतो.

गंमत सोडा, पण मला त्या गेममध्ये घड्याळापेक्षा भाव खटकतो. शिपिंग बॉक्समध्ये माल टाकला की रात्रीत पैसे जमा. ना हमाली, ना तोलाई, ना लिलावासाठी ट्रॅक्टर रांगेत उभा. आणि कितीही माल टाका, भाव पडत नाही! पार्सनिपचं (गाजरासारखं कंद) बी २० ला, विकतं ३५ ला, एक टाका नाहीतर हजार टाका. इकडे कांद्याची आवक थोडी वाढली की बघा काय होतं ते. भावाने गेम दाखवला तेव्हा मी म्हटलं यात निवांत काय असेल तर तेवढंच आहे, बाकी सगळं खरंय.

सावळागोंधळ

धागाकर्तीशी पूर्ण असहमत, आणि सविस्तर लिहितो कारण हा विषय जिव्हाळ्याचा.

घड्याळ काढलं तर त्या गेममध्ये काही उरत नाही, हे मी करून बघितलंय. पीसीवर टाइमस्पीड नावाचा मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोडणी) आहे, वेळ हळू करता येते किंवा थांबवताच येते. मी थांबवली. एका दिवसात शेतातली सगळी झाडं तोडली, दगड फोडले, मग खाणीत गेलो, एनर्जी संपली की गसच्या खानावळीतलं सॅलड खायचं आणि पुन्हा खाणीत. दोन-तीन बैठकांत मला कळेना की झोपायचं कशासाठी. सगळं आजच होतंय तर उद्याची वाट कोण बघणार?

आता घड्याळ चालू असताना काय होतं बघा. पाण्याची झारी अपग्रेड करायचीय. क्लिंट लोहाराकडे द्यायची, २००० गोल्ड आणि तांब्याच्या ५ विटा, आणि झारी दोन दिवस त्याच्याकडेच राहणार. मग झाडांना पाणी कोण घालणार? तर आदल्या दिवशी टीव्हीवर हवामान बघायचं, उद्या पाऊस असेल तर आज सकाळी पाणी घालायचं, क्लिंटचं दुकान ४ ला बंद व्हायच्या आत झारी द्यायची, उद्याचं पाणी पाऊस घालतो, परवा झारी हातात. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा जो आनंद झाला तो कितीही हिरे सापडून झाला नाही. तो आनंद घड्याळामुळे आहे. दिवस लांब असता तर पाऊस आला काय नि न आला काय.

म्हणून "डिझायनरला तसंच हवं होतं" हे वाक्य टाळाटाळ वाटलं तरी इथे ते खरं आहे.

शेवग्याची_शेंग

@सावळागोंधळ, छान लिहिलंत, झारीची युक्ती लिहून घेतली. पण तुम्ही जे वर्णन केलंत त्याला मी नियोजन म्हणते, निवांतपणा नाही. दिवसभर हेच करते मी, त्याचे मला पगारही मिळतात. माझी तक्रार गेम वाईट आहे अशी नाहीच, "निवांत" असं सांगून विकला याची आहे.

गुळपोळी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

टेस्टर_तात्या

आमच्या टेस्टिंगच्या धंद्यात हे भांडण रोज असतं. आम्ही बग टाकला की समोरून उत्तर येतं "वर्किंग ॲज डिझाइन्ड". निम्म्या वेळा ते खरं असतं, निम्म्या वेळा तो आळस असतो. कुठलं कधी हे ओळखायला माझी एक पद्धत आहे. त्या त्रासातून खेळणाऱ्याला काही करता येतं का? दिवस छोटा आहे, तर मी ठरवू शकतो आज काय करायचं. म्हणजे तो डिझाइन. आता लाल कोबी घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावचं मोडकं कम्युनिटी सेंटर बंडल, म्हणजे ठरलेल्या वस्तूंचे संच, भरून पूर्ण करायचं असतं. त्यात रंगांचा एक बंडल आहे, त्याला लाल कोबी लागतो. पियरकडे त्याचं बी दुसऱ्या वर्षापासून मिळतं. पहिल्या वर्षात हवा असेल तर ती फिरती गाडीवाली, शुक्रवारी आणि रविवारी येते, तिच्याकडे नशिबाने बी किंवा कोबी आला तर आला. नाही आला तर तुम्ही कितीही हुशारीने खेळा, पहिल्या वर्षात सेंटर पूर्ण होत नाही. यात खेळणाऱ्याच्या हातात काय आहे? दर शुक्रवारी जाऊन निराश होणे. लोकांनी यावर वर्षानुवर्षं बोंब मारली आणि २०२० च्या डिसेंबरात १.५ व्हर्जन आलं त्यात नवीन फार्म सुरू करताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये एक खूण करायची सोय दिली, पहिल्या वर्षात पूर्ण होईल याची खात्री. मूळ गेम तसाच ठेवला, ज्याला हवं त्याने खूण करावी.

म्हणजे तक्रार बरोबर होती, आणि ती करणाऱ्यांना आधी "तुम्हाला घाई काय आहे, निवांत खेळा" असंच सांगत होते लोक.

मासेखाऊ

कोणी मासेमारीबद्दल बोलणार आहे का नाही?? तो हिरवा पट्टा वर-खाली करायचा आणि मासा त्याच्या बाहेर पळतो. दुसऱ्या दिवशी विली कोळी बांबूचा गळ हातात देतो आणि सांगतो जा. मी मालवणचा माणूस, माझ्या हातून एक मासा निघेना!! बायको हसून हसून लोळली. हे निवांत असेल तर मी परत रम्मीकडे.

गुळपोळी

@मासेखाऊ विलीच्या दुकानात २५ गोल्डला ट्रेनिंग रॉड मिळतो, त्याचा पट्टा मोठा असतो. अवघड मासे त्याने मिळत नाहीत पण हात बसतो. लेव्हल वाढली की पट्टा आपोआप मोठा होतो.

मासेखाऊ

@गुळपोळी देव तुमचं भलं करो. पण मालवणच्या माणसाला ट्रेनिंग रॉड... असो.

उंबरठा

मला घड्याळाचं काही नाही, मला आजोबांचा राग येतो.

गेमची सुरुवात आठवा. आजोबा मरताना पाकीट देतात, नायक जोजा कंपनीच्या ऑफिसात संगणकासमोर बसलेला, शेजारच्या एका खुर्चीत चक्क सांगाडा. मग तो पाकीट उघडतो, आजोबांनी लिहिलेलं असतं की ही धावपळ सोड, खऱ्या माणसांत आणि निसर्गात जा. छान. डोळ्यात पाणी वगैरे.

मग तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हेच आजोबा भूत होऊन येतात आणि मार्क देतात. एकूण २१ गुण. त्यातले ७ गुण कशाचे? तर एकूण कमाईचे! ५० हजारापासून सुरू आणि १० लाख कमावले की पूर्ण ७. मैत्रीला किती? पाच जणांशी ८ हार्ट्स (गेममध्ये मैत्री हार्ट्समध्ये मोजतात) झाले तर १, दहा जणांशी झाले तर आणखी १. माणसांना २ आणि पैशाला ७. मग जोजात काय वाईट होतं?

डिझायनरचा हेतू पत्रात शोधायचा का मार्कांत? मी तर म्हणेन मार्कांत, कारण शेवटी गेम बक्षीस कशाला देतो ते खेळणारा शिकतो. उगाच नाही लोक अख्ख्या शेतात बॅरल मांडून वाइनचा कारखाना काढत.

सावळागोंधळ

@उंबरठा, हिशोब बरोबर आहे पण अर्धा सांगितलात. आजोबांच्या स्मारकावरच्या चारही मेणबत्त्या पेटायला, म्हणजे सर्वात वरचा निकाल मिळायला, १२ गुण पुरतात. पैशाचे ७ बाजूला ठेवले तरी १४ उरतात, त्यात सेंटर पूर्ण केल्याचा १ आणि त्याच्या समारंभाला हजर राहिल्याचे २, पाळीव प्राण्याच्या प्रेमाचा १, लग्न आणि वाढवलेल्या घराचा १, म्युझियमचा १ वगैरे. म्हणजे पैशाशिवाय शक्य आहे. शिवाय कमी पडले तर स्मारकापाशी हिरा ठेवला की आजोबा पुन्हा येतात, हवं तितक्या वेळा. इतका उदार परीक्षक मी पाहिला नाही.

उंबरठा

पैसे न कमावता सेंटर पूर्ण करून दाखवा. व्हॉल्टमधले बंडल पैशानेच भरतात.

सावळागोंधळ

:) तो मुद्दा मान्य, बाकीचा नाही.

कट्टावीर

आजोबांना हिऱ्याची लाच देणारा नातू. संस्कार.

हडसनकाठची_रमा

न्यू जर्सीहून. माझा अनुभव दुसऱ्या गेमचा आहे, ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स, २०२० च्या मार्चमध्ये आला आणि लगेच लॉकडाऊन, आम्ही सगळे त्याच बेटावर राहायला गेलो होतो म्हणा ना.

तिथे उलटं आहे, घड्याळ खऱ्या वेळेचं. रात्री १० ला दुकान बंद म्हणजे खरोखर रात्री १०. मुलं झोपवून मी स्विच (निन्तेंडोचं गेम खेळायचं यंत्र) हातात घेतला की दुकान बंद! शेंगताईंना १४ मिनिटांचा दिवस छोटा वाटतो, मला २४ तासांचा दिवस नको असायचा. लोक स्विचची तारीखच पुढे-मागे करायचे आणि मग "ही चीटिंग आहे" म्हणून दुसरे त्यांच्यावर तुटून पडायचे. वेळ मागे नेली तर सलगम सडतात, म्हणजे निन्तेंडोने तेवढी शिक्षा ठेवलीच होती.

पण मला सांगायचंय ते वेगळं. त्याच एप्रिलमध्ये अंड्यांचा सण आला, जमिनीत अंडी, झाडावर अंडी, मासा पकडावा तर अंडं. लोक इतके कावले की निन्तेंडोने अपडेट काढून अंडी कमी केली. म्हणजे काही दिवसांत ऐकलं. आणि माशाचं आमिष एकेक करून बनवावं लागतं, एक शिंपला एक आमिष, दरवेळी तेच ॲनिमेशन, त्याची तक्रार पहिल्या आठवड्यापासून होती. एकदम अनेक बनवायची सोय कधी आली? २०२६ च्या जानेवारीतल्या अपडेटला. जवळजवळ सहा वर्षं! एकेक बनवण्यात म्हणे "हळू जगण्याचा" आनंद होता. मनगट दुखलं हो आनंदाने.

टेस्टर_तात्या

@रमाताई, आमिषाचं उदाहरण नंबर एक. खेळणाऱ्याच्या हातात फक्त बटण दाबणं आहे, निर्णय शून्य. माझ्या पद्धतीने तो सरळ बग.

अनुस्वार

@टेस्टर_तात्या, तुमची पद्धत सगळीकडे चालत नाही. अनपॅकिंग खेळलात का? ऑस्ट्रेलियातल्या विच बीम नावाच्या छोट्या स्टुडिओचा, २०२१ चा. एक मुलगी घरं बदलत जाते, आपण फक्त खोकी उघडून तिचं सामान लावायचं. घड्याळ नाही, मार्क नाहीत, एक माणूसही दिसत नाही.

त्यात २०१० साली ती बॉयफ्रेंडच्या घरी राहायला जाते. सगळीकडे त्याचं सामान. तिच्या डिग्रीची फ्रेम लावायला भिंतीवर जागाच नाही. तुम्ही त्याची पोस्टरं हलवून बघता, स्वयंपाकघरात बघता, बाथरूममध्ये टांगून बघता, सगळीकडे लाल कडा येते, चुकीची जागा. शेवटी कुठे बसते? पलंगाखाली.

इथे खेळणाऱ्याच्या हातात काय आहे? काहीच नाही. तात्यांच्या हिशोबाने बग. पण मी ती फ्रेम पलंगाखाली सरकवली आणि त्या बॉयफ्रेंडला शिव्या घातल्या, मोठ्याने, घरचे बघायला आले. एक शब्दही न लिहिता त्यांनी सगळं सांगितलं. तो त्रास हाच मजकूर आहे.

आणि तरी त्यांनी सेटिंगमध्ये "वस्तू कुठेही ठेवा" असा पर्याय दिलाय. ज्याला कोडं नको त्याने फ्रेम हवी तिथे ठेवावी. हेतू जपला म्हणून दार बंद करावं लागत नाही.

टेस्टर_तात्या

@अनुस्वार, लाल कडा आली की खेळणारा विचार करतो ना की ही इथे का बसत नाही, मग ते काही करणंच झालं. पण हो, माझ्या व्याख्येला ओढून-ताणून बसवतोय मी. विचार करतो.

निफाडकर

अवांतर: लग्न कोणाशी करावं? भावाची फार्म मी बळकावली आहे. बारा जण दिसताहेत.

गुळपोळी

@निफाडकर लेआ. चर्चा समाप्त.

हडसनकाठची_रमा

हार्वी. डॉक्टर आहे, आई खूश होईल.

मासेखाऊ

विलीशी नाही करता येत का, मासे तरी मिळतील

उंबरठा

@मासेखाऊ, मागणी लावून धरा. सुरुवातीला लग्नाला दहाच जण होते, शेन आणि एमिली त्यात नव्हते. लोकांनी मागितले म्हणून २०१६ च्याच १.१ व्हर्जनमध्ये दोघांची वर्णी लागली.

अनुस्वार

उंबरठा यांनी हे काढलं ते बरं झालं, मला त्यातूनच मूळ प्रश्नाकडे यायचंय.

स्टारड्यूचा कर्ता एरिक बॅरोन हा एकटा माणूस. चारेक वर्षं घरी बसून कोड, चित्रं, संगीत, संवाद सगळं एकट्याने केलं, २०१६ च्या फेब्रुवारीत गेम काढला, आणि तेव्हापासून अपडेट फुकट देतोय. त्यात त्याने लोकांचं किती ऐकलं बघा. शेन-एमिली झाले. लाल कोबीचं तात्यांनी सांगितलं. परफेक्शनचे (गेममधलं सगळं करून दाखवल्याचे) १०० टक्के फार जाचक होतात अशी ओरड होती, तर २०२४ च्या १.६ मध्ये आल्याच्या (जिंजर) बेटावर फिझ नावाचा प्राणी आणून बसवला, ५ लाख गोल्ड दिले की १ टक्का विकत देतो! हे तर स्वतःच्याच नियमाला स्वतःच पळवाट ठेवणं झालं.

पण इतक्या वर्षांत दिवसाची लांबी कमी-जास्त करायचा पर्याय गेममध्ये दिलेला नाही. मॉडवाल्यांना अडवलं नाही, पण स्वतः दिला नाही. मागणी काही कमी नव्हती. मला वाटतं डिझायनरचा हेतू काय हे मुलाखतीत शोधण्यापेक्षा इथे बघावं, कशावर तो सैल सोडतो आणि कशावर नाही. घड्याळ हा त्याचा गेम आहे, बाकी सगळं त्याभोवतीचं.

शेवग्याची_शेंग

@अनुस्वार, हे पटलं. म्हणजे घड्याळ मुद्दाम आहे हे पटलं, ते निवांत आहे हे अजून नाही.

पानगळ

बरेच दिवस रोमात (नुसती वाचत) होते, या धाग्यासाठी लिहितेय.

शेंगताई, तुम्ही म्हणता तो ताण मलाही होता, पहिला वसंत तर मी हातात वही घेऊन खेळले. मग माझ्या लक्षात आलं की या गेममध्ये उशीर झाल्याची शिक्षा जवळजवळ नाहीच. २ वाजता पडलात तर जास्तीत जास्त १००० गोल्ड जातात. पीक वाळलं तर पुढच्या वर्षी वसंत परत येतो. सण चुकला, पुढच्या वर्षी. आजोबा पुन्हा येतात हे वर आलंच आहे. तिसरं वर्ष संपलं तरी गेम संपत नाही, कोणी हाकलत नाही. सिंगल प्लेअरमध्ये पिशवी उघडली की घड्याळ थांबतं, चहा घेऊन या. दिवस छोटे आहेत पण वर्षं मोजायला कोणी बसलेलं नाही. आता मी पावसाळी दिवशी काहीच करत नाही, लायनसच्या तंबूपाशी जाऊन त्याला काहीतरी खायला देते आणि घरी येऊन झोपते, तेव्हा कधी कधी दुपारचे २ वाजलेले असतात.

शेवग्याची_शेंग

@पानगळ, तुमचा प्रतिसाद सगळ्यात आवडला, आणि तरी माझी तक्रार इथेच आहे बघा! हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं? गेमने? गेम तर कोपऱ्यात घड्याळ दाखवतो, कॅलेंडर दाखवतो, एनर्जीची पट्टी दाखवतो, रात्री झोपताना आज किती कमावलंत त्याची पावती दाखवतो. "उशीर झाला तरी चालतं" हे कुठेच दाखवत नाही. ते तुम्ही स्वतः शोधलंत. जी गोष्ट खेळणाऱ्याला स्वतः गेमच्या विरोधात जाऊन शोधावी लागते तिचं श्रेय डिझायनरला कसं द्यायचं?

पानगळ

हं. मला वाटतं ती शोधायला लावली यासाठीच द्यावं. पण मी पहिल्या वर्षात सोडून दिला असता तर तुमच्याच बाजूने लिहिलं असतं हेही खरं.

कट्टावीर

पॉपकॉर्न संपले, पियरकडे मिळतील का? की आज बुधवार?

गुळपोळी

पियरच्या बुधवारवर वेगळा धागा काढा, तो इथे मावणार नाही. (सेंटर पूर्ण केलं की तो बुधवारीही उघडतो, तोवर धीर धरा.)

निफाडकर

ते असू द्या, मला स्ट्रॉबेरी कुठे मिळेल सांगा. भाऊ सांगत नाही, म्हणतो स्वतः शोध, हेतू आहे म्हणे.

गुळपोळी

@निफाडकर वसंताच्या १३ तारखेला गावच्या चौकात अंड्यांची जत्रा असते, पियरच्या स्टॉलवर बी, १०० ला एक. महाग वाटलं तरी घ्या. ८ दिवसांत पहिली तोड, मग दर ४ दिवसांनी. १३ लाच लावली तर २१ आणि २५ अशा दोन तोडी मिळतात, दुसऱ्या दिवशी लावली तरी दोनच, पण १६ नंतर एकच.

सावळागोंधळ

आणि जत्रेतून घरी आलात की रात्रीचे १० वाजलेले असतात, २ पर्यंत लावून व्हायला पाहिजे.

शेवग्याची_शेंग

४ तास म्हणजे पावणेतीन मिनिटं. मी काही बोलत नाही.

गुळपोळी

म्हणून १३ ला सकाळी जत्रेला जायच्या आधीच माती खणून पाणी घालून ठेवायची, रात्री फक्त बी टाकत चालायचं. जत्रा दुपारी २ पर्यंत उघडी असते, तोवर आरामात होतं.

निफाडकर

वाफे आधी तयार ठेवायचे. हे मला सांगायची गरज नव्हती. १०० चं बी विकतं कितीला?

गुळपोळी

एक स्ट्रॉबेरी १२०.

निफाडकर

दोन तोडीत २४०, आणि भाव पडणार नाही. भावाला सांगतो, सगळे पैसे यात घाल.